फुटक्या दिव्याचं इंजिन

देवाशपथ सांगतो, यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. म्हणजे एक वाक्य सोडून. ते कुठलं, ते शेवटी सांगतो.

मी आणि माझा मित्र सुहास, आम्ही त्याच्या माळ्यावर टेबलभर छोटी रेल्वे मांडली आहे. रत्नागिरी ते पूर्णगड. अशी लाइन जगात कधीच नव्हती, म्हणून तर भांडण! सुहासला तिच्यावर नवंकोरं लाल डिझेल इंजिन हवं होतं, मला काळं वाफेचं. माझं इंजिन जुनं दिसावं म्हणून मी त्याला काजळी फासली, जांभ्याची तांबडी धूळ चोळली. तरी सुहास म्हणाला, "खेळणं ते खेळणंच दिसतंय रे."

तेवढ्यात पूर्णगडचे हसनचाचा सहज म्हणून आले. इंजिन बघून थबकलेच.

"या अल्ला! हीच ती गाडी. लहानपणी हिच्यातनंच तर रत्नागिरीला यायचो."

सुहासचा चेहरा पडला. मी मिशीतल्या मिशीत हसलो.

"पण हिचा डावा दिवा फुटका होता," चाचा म्हणाले. "मीच कैरी मारून फोडला होता."

सुहासनं लगेच पक्कड पुढे केली. "घे, फोड. साक्षीदार तुझाच ना?"

नाही म्हणावं तर चाचा खोटे ठरणार, आणि चाचा खोटे ठरले की डिझेल आलंच. फोडला दिवा!

आता ते वाक्य. चाचा सहज आले नव्हते, मीच त्यांना पढवून आणलं होतं.

कैरीचं मात्र पढवलं नव्हतं.