अंगणात उलटा पुरलेला संत

मिलवॉकीतल्या त्या हार्डवेअरच्या दुकानात रांग काही हलेना. जोआन वैतागली होती, पण पुढच्या म्हाताऱ्या जोडप्याचं भांडण ऐकू आलं आणि तिची घाई ओसरली.

"विटांना पांढरं फासायचं नाही म्हणजे नाही, लेनर्ड. माझ्या बापानं एकेक वीट निवडून लावलीय."

"घर विकून देणारी एजंट म्हणते, तुमच्या विटा बघून गिऱ्हाईक रस्त्यावरूनच पळतं."

"तिचा चेहरा बघून पळत असेल."

"अगं बर्निस, दार रंगवलं, नवा दिवा लावला, झुडपं छाटली. घर लवकर विकलं जावं म्हणून सगळे करतात तशी संत जोसेफची मूर्तीसुद्धा अंगणात डोकं खाली करून पुरली. अख्ख्या गल्लीची घरं त्यानंच विकून दिली, आपलंच तेवढं पडून!"

"नीट पुरली नसशील."

"तीनदा पुरली! दरवेळी उकरून बघतो तर गायब."

"खारी नेत असतील."

"प्लास्टिकचा संत खारी कशाला नेतील?"

"आपल्याकडच्या खारी भाविक आहेत."

"थांब, आता दगडाचाच आणतो. बघू कोण नेतं ते!"

"जा, चांगला वजनदार बघ."

लेनर्ड मूर्ती आणायला दुकानात आत गेला. बर्निसनं पैसे काढायला पर्स उघडली, आणि मातीनं माखलेले तीन छोटे संत एकापाठोपाठ काउंटरवर घरंगळले. गल्ल्यावरची मुलगी बघतच राहिली. जोआनही.

बर्निसनं तिघांना शांतपणे पुन्हा आत कोंबलं.

"पोरी, एक मजबूत पिशवी दे गं. पुढचा दगडाचा आहे."