कडू लागतंय का?

...आन् मी वरडतोय, आरं हात जळतोय माझा, हाताचं बघा, तर आमचा धाकटा भाऊ गुंडा छातीवर बसून इचारतोय, "दादा, कडू लागतंय का?"

तुमास्नी सांगतो, आमी शिराळ्याची माणसं. कायबी डसू दे, आमच्या लेखी त्यो सापच. गुहागरला समुद्राच्या कडंला गुंड्याची नात क्रांती मला म्हणली, "आबा, त्यो निळा फुगा द्या की." म्या उचलला. खाली हातभर दोरं लोंबत हुतं, ते मनगटाला गुंडाळलं आन्... इस्तव! मिल्ट्रीत वीस वर्सं काढली, असला जाळ बघितला न्हाई.

गुंड्यानं दंडाला टॉवेल आवळला, पळत जाऊन खानावळीच्या परड्यातनं कडूलिंबाचा म्हणून पाला ओरबाडला, कोंबला माझ्या तोंडात. आमच्यात रीतच हाय. पाला कडू लागला तर माणूस वाचला, न्हाई लागला तर इख चढलं. मी चावतोय, चावतोय... कडू लागंना की वो! पाय गार पडलं माझं. आमच्या मालकिणीनं, बनुबाईनं, हंबरडा फोडला. सून मोबाईलवर शूटिंग काढतीय.

आता खरं सांगतो. त्या सहलीत मला घरच्यांना एक सांगायचं हुतं. अकरा माणसं, न्हाणी एक, चाळीस वर्सं रांगेत उभा हाय मी. विश्रामबागेत दोन खोल्या बघून ठेवल्या हुत्या, मी आन् बनुबाई, वेगळं. म्हणलं, मरायच्या आदी बोलून टाकावं. तोंडात पाला तसाच. "गुंडा... इश्राम... इश्राम..."

तर त्यो रडत म्हणतोय, "न्हाई दादा, इश्राम न्हाई घ्यायचा, डोळं झाकायचं न्हाई. कडू लागतंय का?"

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दोरं काढलं, हात गरम पाण्यात बुडवला, तोंडात बघितलं. "आजोबा, हा कढीपत्ता आहे."

"आन् चावलं ते?"

"ब्लू बॉटल. तो एक जीव नसतोच. पुष्कळ जीव जोडून राहतात. एक तरंगतो, एक डंख मारतो, एक पचवतो. वेगळे काढले तर एकही जगत नाही."

झालं! गुंड्यानं माझ्या पायावर डोकं ठेवलं. "दादा, चुकलो. ह्या सहलीत मीच वेगळं व्हायचं काढणार हुतो. आता न्हाई. मरंस्तवर एकत्र." सगळी रडली. मी तर लय रडलो.

आता रोज सकाळी रांगेत अकरावा. आमटीत कढीपत्ता आला की गुंडा हसून इचारतो, "दादा, कडू लागतंय का?"

मी म्हणतो, "न्हाई रं, गड्या."

इख चढलंय, दुसरं काय.