अर्धा घंटा

माझी हुशारी मले एकदाच नडली, गड्या. सत्त्याऐंशीत नागपूरच्या आमच्या खाण-ऑफिसात कॉम्प्युटर आला. त्यात हरेक खाणीच्या कामगारांची नावं वेगळ्या डिरेक्टरीत, म्हंजे कप्प्यात होती; साऱ्या डिरेक्टऱ्यांतून एक नाव शोधाले अर्धा घंटा लागे. मी शोधाची स्क्रिप्ट, म्हंजे छोटा प्रोग्राम लिहिला, त्यात बंद खाणींच्या डिरेक्टऱ्या गाळून टाकल्या. दोन मिनिटांत उत्तर!

उमरेडची एक बाई मेलेल्या नवऱ्याच्या खाणीतल्या नोकरीचा दाखला मागाले चारदा एसटीनं आली. त्याच्यावर बापाच्या जागी पोराले नोकरी लागणार होती. चारही वेळा मी म्हटलं, "नाव नाही, बाई."

पाचव्यांदा ती बोलता बोलता म्हणाली, "ते खाण त बंदच पडली." मी चपापलो. सगळं शोधलं, नाव निघालं. तोवर पोराचं वय उलटून गेलं होतं.

मी खरं ते सांगितलं. बाई शांतपणे म्हणाली, "अर्धा घंटा त मी बसली असती ना गा, भाऊ."