चेस्टर बोलत नाही

अर्लीन: ते मगरीचं डोकं आधी काढ, मग रड. आत रडलीस तर त्या कापसाला महिनाभर वास मारतो.

शेल्बी: रडत नाहीये मी. घाम आहे.

अर्लीन: बरं, घाम. आता सांग, मगरीच्या तोंडातून नेमकं काय बाहेर पडलं?

शेल्बी: "ए वेंडेल! गाढवा, खाली उतर! आत खऱ्या मगरी आहेत!"

अर्लीन: एवढंच?

शेल्बी: मध्ये एक शिवी होती. छोटीशी.

अर्लीन: देवा रे! आणि पोरं?

शेल्बी: सगळी तिथेच, अर्लीनबाई. चेस्टर मगरीबरोबर फोटो काढायची वेळ होती ना.

अर्लीन: पोरी, या पार्कात बाकी काहीही खपतं. परवा एक नवरदेव मित्रांसकट कारंज्यात पोहला, खपलं. आज सकाळी एक बाप स्वतःच्या बाळाच्या ढकलगाडीत झोपला होता आणि बाळ शेजारी उभं राहून त्याला नकाशाने वारा घालत होतं, तेही खपलं. पण वेशातल्या माणसाने तोंड उघडलेलं खपत नाही. चक्कर आली, मदत हवी असली, तर डोक्यावर हात आडवे धरायचे आणि खाली बसायचं. पहिल्या दिवशी हेच शिकवते मी.

शेल्बी: धरले होते ना हात! पण माझ्या सोबतीला दिलेला तो डेरिक होता कुठे? फुलांच्या ताटव्यात ओकणाऱ्या बायकांना पाणी पाजत होता. सगळ्या गुलाबी सदऱ्यातल्या, पाठीवर 'नवरीची फौज'.

अर्लीन: आणि हा वेंडेल त्यांच्यातला?

शेल्बी: छे, त्याची फौज वेगळी. ओहायोहून आलेत, मुलगी, नात, झाडून सगळे निळ्या सदऱ्यात. 'आजोबा पासष्ट, तळ्याला पूर्ण प्रदक्षिणा'. म्हणजे काय ते कळलं ना? वाटेतल्या प्रत्येक ठेल्यावर दारूचा एक ग्लास. कुणाला नाराज करायचं नाही.

अर्लीन: पण नाव कसं कळलं तुला?

शेल्बी: छातीवर वाढदिवसाचा बिल्ला होता, आपणच गेटावर लावतो तो. त्याचा एक पाय मगरींच्या कुंडाच्या कठड्यावर, दुसरा आत, आणि खालून ती म्हातारी मगर एक डोळा उघडून बघतेय. त्याची नात माझी शेपटी धरून उभी होती. मी काय करायचं होतं, टाटा?

अर्लीन: मग उतरला?

शेल्बी: माझ्याकडे बघून पांढराफटक पडला आणि मुकाट उतरला.

अर्लीन: उतरणारच. मगरीनेच सांगितलं, मगरी चावतात म्हणून!

शेल्बी: तुम्ही हसताय.

अर्लीन: हसू आलं म्हणून हसले. पण नोकरीवर बेतलंय ते तुझ्याच. बाकीच्या आईबापांना वाटलं कार्यक्रमच आहे, टाळ्या वाजवल्या म्हणे त्यांनी. वेंडेल मात्र हातभर अंतरावर होता. त्याने वर तक्रार केली, की माझ्या हातात काही उरत नाही.

शेल्बी: हे डोकं मिळावं म्हणून दोन वर्षं बटाटे तळले मी. बाहेर मला कोण ओळखतं? इथे पोरं लांबून धावत येतात, बाई. आता पुन्हा कढईपाशी जायचं?

अर्लीन: कढईसुद्धा नाही. सरळ घरी. थांब, दार कोण वाजवतंय?

शेल्बी: काचेतून निळा सदरा दिसतोय.

अर्लीन: घाल! डोकं घाल आधी! पाहुण्याला मगरीचं मुंडकं टेबलावर दिसायला नको!

(शेल्बी घाईघाईने डोकं चढवते.)

वेंडेल: आत येऊ का? तुमचा पहारेकरी म्हणाला, इथे जाऊन बसा. अरे बाप रे, हाही इथेच!

अर्लीन: या साहेब, बसा. अहो, ती बादली आहे. खुर्ची इकडे.

वेंडेल: मला याच्याबद्दल बोलायचंय. या मगरीबद्दल.

अर्लीन: आधी मी बोलते. तुम्ही मगरींच्या कठड्यावर चढलात. तुमचा आजचा दिवस इथेच संपला, आणि पुढचं वर्षभर या पार्कात पाऊल टाकायचं नाही.

वेंडेल: मान्य आहे. काय झालं, नातीची टोपी आत पडली होती...

अर्लीन: टोपी नातीच्या डोक्यावर आहे, साहेब. आत्ता काचेतून बघितली मी तिला.

वेंडेल: ...पेला होता माझा. तो लुकलुकणाऱ्या दिव्यांचा. अर्धा भरलेला होता हो.

अर्लीन: अर्ध्या पेल्यापायी अख्खा आजोबा घालवत होतात!

वेंडेल: मुलगीही हेच म्हणाली, फक्त ओरडून. म्हणाली, यापुढे नातीचा, पोझीचा हात तुमच्या हातात देणार नाही. तेही मान्य. पण मला एकच सांगा मॅडम, हा बोलला का?

अर्लीन: कोण?

वेंडेल: हा चेस्टर. माझं नाव घेऊन बोलला. बाईच्या आवाजात. गाढव म्हणाला मला.

अर्लीन: चेस्टर बोलत नाही, साहेब. बघा, तोच मान हलवून नाही म्हणतोय.

वेंडेल: नीट विचार करून सांगा. माझा बाप शेवटीशेवटी कपाटाशी बोलायचा. म्हणायचा, आधी कपाटच बोललं, मी फक्त उत्तर दिलं. त्याच्या वयाचा होत आलो तशी मला रोज सकाळी धास्ती वाटते. आणि आज भर उन्हात हॅट घातलेली मगर माझ्याशी बोलली! खरंच बोलली असेल, तर मी नुसता प्यायलोय, ते परवडलं. नसेल बोलली, तर मुलीला आजच सगळं सांगावं लागेल.

अर्लीन: फ्लोरिडाचं ऊन वाईट, साहेब. त्यात पोटात दारू...

वेंडेल: म्हणजे नाही बोलला.

अर्लीन: ...चेस्टर कधीच बोलत नाही.

वेंडेल: बरं. येतो मी. दार याच बाजूला ना?

शेल्बी: मी बोलले.

अर्लीन: शेल्बी!

शेल्बी: मीच बोलले, काका. गाढवही मीच म्हणाले. तुमचं डोकं शाबूत आहे. म्हणजे, मुळात होतं तेवढं.

वेंडेल: अरे देवा! पोरगी आहेस तू! आत पोरगी आहे! थांबा, मी बसतो जरा. राहू दे खुर्ची, बादलीच बरी.

अर्लीन: झालं. आता मला वर कळवावंच लागेल.

वेंडेल: काय कळवणार?

अर्लीन: वेशात असताना बोलली, आणि पाहुण्यासमोर परत बोलली. नोकरी गेली तिची.

वेंडेल: माझा जीव वाचवला म्हणून?

अर्लीन: नियम करणाऱ्यांनी तुमचा विचार केला नव्हता, साहेब.

वेंडेल: पण ऐकलं कोणी?

अर्लीन: तुम्ही!

वेंडेल: मी? माझ्याकडे बघा तरी. सकाळपासून सगळे ठेले पालथे घातलेत. मघाशी रांगेत कचऱ्याच्या डब्याला म्हणालो, तुम्ही व्हा पुढे. माझा शब्द कोण खरा धरेल? तुमच्या वरच्यांनी विचारलं तर छातीठोकपणे सांगेन, मी तर्र होतो, काही ऐकलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पिण्याचा कुणाला उपयोग होतोय, होऊ द्या की.

अर्लीन: आणि मी? मी तर शुद्धीवर आहे.

वेंडेल: तुमचं मी काय सांगणार?

अर्लीन: ...शेल्बी, तू माझ्या कुठल्या बाजूला उभी आहेस?

शेल्बी: डाव्या.

अर्लीन: परेडच्या ढोलांनी तो कान कधीच गेला माझा. सगळ्या पार्काला माहीत आहे. मला काही ऐकू आलं नाही.

शेल्बी: अर्लीनबाई...

अर्लीन: अजूनही येत नाहीये! गप्प बस! आणि साहेब, वर्षभराची बंदी मात्र तशीच राहील.

वेंडेल: राहू द्या. ती मी कमावलीय. जाता जाता एक विचारतो पोरी, पोझी सारखी विचारतेय, चेस्टर आपल्यावर रागावला का म्हणून. काय सांगू तिला?

शेल्बी: रागावला, म्हणावं. खूप घाबरला होता तो.

वेंडेल: सांगतो.

अर्लीन: गेला एकदाचा. चल, डोकं काढ, पाणी पी. परेडला अर्धा तास राहिलाय.

शेल्बी: मी जाऊ परेडला?

अर्लीन: मग कोण, मी? माझी कंबर मावेल का त्या शेपटीत?

शेल्बी: घरचे परेड बघेपर्यंत तो वेंडेल एकटाच गाडीत बसून राहील का हो? स्वतःच्या वाढदिवसाला?

अर्लीन: थांब, गेटावरून वायरलेसवर बोलताहेत. हं, बोल रे... निळ्या सदऱ्याचे आजोबा ना? बरं. बाहेर पडला म्हणतात.

शेल्बी: एकटा?

अर्लीन: नात गेलीय बरोबर. परेड नको म्हणाली. घट्ट हात धरलाय त्याचा.

शेल्बी: आणि मुलगी?

अर्लीन: मागून चाललीय. अजून बोलत नाही म्हणे. पण चाललीय.