सोनेरी कोंबडा एका पायावर

अबे लोकेश, गाडी बंद कर, पहिले ऐक काय झालं ते! आत्ताच आरमोरीहून एसटीतून उतरलो, घरीबी नाई गेलो, सरळ तुह्याकडं. चहा नको मले... बरं सांग, पण हासशील तं पाह्य हं!

तुले माहीत आहे ना माही चक्कर? बाईकवरून पडलो तवापासून, कानात काहीतरी बिघडलं म्हणे, मान वळवली का अख्खं चंद्रपूर गरागरा! कोळशाचे ट्रक उलटे, रामाळा तलाव आभाळात! डॉक्टर म्हणे गोळ्या खा, अन् व्यायामाले त्या दिव्यानी मॅडमकडं जा. मॅडम कायची बे, आपल्याच वयाची पोरगी, फिजिओथेरपी शिकलेली, तलावाकाठी सकाळी ते चिनी ताय-ची शिकवते. पहिल्याच दिवशी म्हणते, "डोळे मिट. तुहे पाय कुठी आहेत?" म्हटलं, इथीच, खाली, जातीन कुठी? "तसं नाई रे, टाचेवर भार आहे का बोटांवर?" आता मले काय माहीत! बूट चावल्याशिवाय मले पाय आहेत हेच माहीत नव्हतं! तं ती हासली अन् म्हणते, "पियुष, वजन पायात. डोक्यात नाई."

वजन पायात, डोक्यात नाई! रोज सकाळी तेच!

मी रोज गेलो यार. ढगावानी हात फिरवाचे, इतके हळू का फिराले आलेले म्हातारे उभे राहून पाहत. "बापा, कोणाचं पोरगं हाय, माश्या हाकलून राह्यलं वाटते." म्हणू दे! पण तुले सांगतो, चक्कर गेली ना! अन् नुसती चक्कर नाई गेली, मले माहंच शरीर समजाले लागलं. बाबानं नोकरीचं विचारलं का खांदे कानापाशी जातात, हे समजलं. अन् दिव्यानी जवळ आली का सारं वजन पायातून निघून डोक्यात जाते... तिनंच सांगितलं ना, शरीराकडं लक्ष दे? दिलं मी! आता शरीर तिचंच नाव घेईन तं मी काय करू?

बोललो? नाई बोललो. वजन पायात ना!

मंग दिवाळीनंतर ती म्हणते, "आमच्या आरमोरीच्या मंडईले ये." मंडई म्हणजे तुले माहीत आहे, पाहुणे येतात, जत्रा, दंडारीचे नाचगाणे, अन् चहा घेता घेता पोरी-पोरायचे लग्न जुळतात. अबे मंडईले बोलावलं मले! मी काय समजाचं? शर्ट इस्त्री केला, पेढे घेतले, एसटीत अख्ख्या रस्त्यानं बोलाची प्रॅक्टिस केली. आज सांगून टाकतो, बस!

अंगणात पाय टाकला तं तिचे बाबा, बापूराव, मोठ्यानं, "या या! तुमीच काय ते चकरेवाले?" अन् अंगणाच्या मधात खुर्चीवर, गॉगल लावून, हेमराज. ब्रह्मपुरीचा. दिव्यानीले पाहाले आलेला. संग त्याची माय, वच्छलाबाई, बशीतला चहा फुंकत म्हणते, "पोरगी लाखात एक आहे बावा. हेमराजनं तिच्या दवाखान्यासाठी गाळाबी पाहून ठेवला. पण लोकं हासले तं? असं हात हालवून कोणी बरं होते काय? हा तं नाच झाला!"

दिव्यानीचं तोंड असं उतरलं यार! पाहुण्यातले चार जण हासलेबी. तं बापूरावनं सरळ माह्याकडं बोट दाखवलं, "नाच? हा पाहा पेशंट! दोन पावलं नीट टाकता येत नव्हते याले! पियुषभाऊ, दाखवा जरा."

ते एक चाल असते, सोनेरी कोंबडा एका पायावर. एक गुडघा वर, एक हात वर, अन् उभं राहाचं. राह्यलो उभा! पेढ्याचा डबा बगलेत! दंडारीवाले ढोलकी थांबवून पाहून राह्यले. एक खरा कोंबडा आला, माह्याकडं पाह्यलं अन् निघून गेला, त्यालेबी नाई पटलं!

अन् तवा मले सुचलं, लोकेश. आपण पडाचं! पडलो का खल्लास, वच्छलाबाई उठून जाईन, सोयरीक मोडली! म्हून पडाले गेलो... तं पडता येईना! डाव्या बाजूनं झुकलो तं घोटा आपोआप सावरून घेते, उजवीकडं गेलो तं कंबर सावरते. डोळे मिटले, म्हटलं चक्कर ये ना माय, तुह्या पाया पडतो, आजच्या दिवस ये! नाई आली. मंग म्हटलं, सरळ पायच खाली टेकवतो, ते तं माह्या हातात आहे. डोळे उघडले तं समोर दिव्यानी. दोन्ही हात थोडेसे पुढं, पडलो तं धराले, तलावाकाठी उभी राहते तशीच. अन् माह्या तोंडाकडं नाई पाहून राह्यली ती. पायाकडं. ओठातल्या ओठात, "वजन पायात..."

आता या पोरीले भर अंगणात कसं पाडू बे मी?

नाई टेकवला पाय.

"बाप्पा!" वच्छलाबाई म्हणते, "हा तं खांब झाला!" झालं! जुळली सोयरीक! पहिली जिलबी माह्या तोंडात कोंबली बापूरावनं, माहा एक पाय अजून वरच होता!

एसटीपर्यंत सोडाले आली ती. म्हणते, "पियुष, आज तू माही इज्जत राखली." मंग म्हणते, "पण तुहा डावा खांदा वर गेलता रे. काऊन? काही टेन्शन होतं काय?"

खांदा दिसला तिले, लोकेश! खांदा!

म्हटलं, "नाई... मच्छर होता."

पेढे बगलेतच राह्यले. हे घे, खा. गर्दीत उभ्यानं आलो, दांडासुद्धा न धरता, तं कंडक्टर म्हणते, "भाऊ, दांडा धरा ना, पडसान!" म्हटलं, पडता आलं असतं तं काय पाह्यजे होतं!

खाऊन घे अन् सांग मले, लोकेश. त्या अंगणात तू असता तं काय केलं असतं?