तुकतुकीत

देवराम: काय लिहिलंस स्टेटसला? परत वाच.

आदेश: "म्हशाच्या जत्रेतून घेतोय. काळाभोर, तुकतुकीत बैल." एवढंच, काका.

देवराम: तुकतुकीत! जन्मात बैलाच्या पाठीवर हात फिरवला नाय, आनि तुकतुकीत म्हनं. अर्थ ठावं हाय का?

आदेश: काळा आहे, चमकतोय. अजून काय असतं?

देवराम: काळा तर तवा पन असतो. चमकतं ते तुझं हेल्मेट. फुकटचा शब्द मिळाला की द्यायचा चिकटवून.

आदेश: मग तुम्ही सांगा ना. सर्जाचा जोडीदार गेला. भाताच्या चिखलणीला जोडी लागणारच, टिलर आपल्या खाचरांत उतरत नाही. म्हणून तर तुम्हाला आणलं.

देवराम: ऐक मग. जांभूळ बघितलंस का, झाडावरचं? धड काळं नाय, धड जांभळं नाय. बोट ठेवलं तर घसरतं, पुसलं तर आनखी चकाकतं. तसं कातडं असलं तर तुकतुकीत. ते आतून येतं, खाल्ल्यापिल्ल्याचं. पुसल्यावर जातं ते वरून फासलेलं करंजेल. काय गो बाय, हा बैल तुझाच ना? कुठली तू?

हिरी: मी हिरी. उंबरमाळीकडची.

देवराम: एवढ्या लांब तेलाचा डबा घेऊन आलीस?

हिरी: पुसून बघा, दादा.

देवराम: बघतोच. आदेश, रुमाल दे. हां, हे बघ! तेल आनि तव्याची काजळी. खाली काय निघालं? भुरा! केस बघ, खराट्यासारखे राठ. असला बैल तुकतुकीत म्हनून विकायला लाज कशी वाटत नाय लोकांना?

हिरी: मला वाटते. म्हनून तो शब्द मी काढलाच नाय. तुमचा पोर बोलला.

देवराम: मग हे फासलंस कशाला?

हिरी: मला असाच फासलेला मिळाला, तसाच फासून परत आनला. तीन जत्रा झाल्या, याच चिंचेखाली. माझा नवरा बोलला, कातडं भुरं वाटतं. तर विकनारा हसला त्याला. बोलला, "डोंगरातल्या मानसाला काय कळतं? जांभूळ बघितलंस का, झाडावरचं?"

आदेश: काका?

हिरी: घरी नेऊन धुतला, तर पानी काळं. पाड्यावर अजून हसतात नवऱ्याला. बैल राबला मात्र. त्याचा काय दोष?

देवराम: जत्रेत सगळेच तसं बोलतात.

हिरी: बोलत असतील. पन बैल सगळ्यांच्या खांद्याला नाक नाय घासत. मघापासून बघते मी. तुमी त्याला वळखलं नाय, त्यानं तुमाला वळखलं.

(देवराम रुमालाची घडी घालतो, काळी बाजू आत.)

आदेश: काका, आता काय लिहू?

देवराम: भुरा लिही.

आदेश: म्हणजे घ्यायचा?

देवराम: राबतो म्हनली ना ती. दोरी दे, बाय.

हिरी: घ्या. नाव आठवतं का त्याचं?

देवराम: चल, जांभळ्या.