मेळाव्याला किती नावं?

वाचा-उपचारतज्ज्ञांच्या संमेलनात, नोंदणीच्या रांगेत माझ्यापुढे दोघीजणी होत्या.

“संध्याकाळी समलिंगी सहकाऱ्यांचा मेळावा आहे. आपली नावं देते.”

“तुझं दे. माझं नको.”

“अगं, बारा वर्षं एका घरात राहतोय आपण!”

“हळू बोल गं बाई! आमच्या विभागप्रमुख पुढेच आहेत.”

“दरवर्षी तुझं हेच. गेल्या वर्षी डोकं दुखलं, त्याआधी पोट. यंदा काय दुखणार आहे?”

“नोकरी माझी जाईल, तुझी नाही.”

“बरं, एकटीच जाते. कुणी विचारलंच तर सांगेन, घरी माझं कुणी नाही.”

“असं नको ना बोलूस.”

“मग काय बोलू? तूच शिकव!”

टेबलाशी बसलेल्या माणसाने विचारलं, “मेळाव्याला किती नावं?”

घाबरलेली पुटपुटली, “दोन.”

“ऐकू नाही आलं, ताई.”

“दोन हो, दोन! आम्ही दोघी!”

विभागप्रमुखांनी मागे वळून पाहिलं.